दिवंगत उठलेच नाहीत

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी दिवंगत जेवणाच्या टेबलाशी मरून बसले होते. मान किंचित डावीकडे, डोळे उघडे, समोर सूपची वाटी. दिवंगत हे त्यांचं टोपणनाव. एका जुन्या विनोदी मालिकेत मेलेल्या आजोबांच्या अंत्यविधीला घरात कुणालाच सवड मिळत नसे, म्हणून त्यांना रोज जेवायला बसवत. ते आजोबा यांनी नऊ वर्षं केले. वाक्य एकही नाही. श्वास चोरायचा आणि कॅमेरा दुसऱ्यावर गेला की पापणी मिटून घ्यायची.

आता त्या मालिकेवर चित्रपट निघाला होता. दिवंगतांचं वय एकाहत्तर, अकरा वर्षं हाताला काम नाही. आज चाचणी होती. जमलं तर भूमिका त्यांची, नाहीतर रबराचा बाहुला तयारच होता.

दृश्य उत्तम झालं. दिग्दर्शिका ‘कट’ म्हणाली. सगळे हलले, दिवंगत हलले नाहीत. मालिकेत ‘कट’ जिवंतांसाठी असे. मेलेल्याला वेगळं ‘उठा आजोबा’ म्हणत, कारण शॉट पुन्हा घ्यायचा तर मान इंचभरही सरकायला नको. इथे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

चार मिनिटांनी मेकअपवाली आली. “आजोबा, झालं हं.” तिने त्यांचा हात उचलून सोडला. तो धपकन टेबलावर पडला. हेही त्यांचं कसबच.

डॉक्टर धावत आले. छातीला गार स्टेथोस्कोप लागला तेव्हा दिवंगत ओठ न हलवता पुटपुटले, “शॉट चालू आहे ना?”

निर्माता म्हणाला, “आजोबा, उद्या खरंच गेलात तर आम्हाला कळणार कसं?”

“आधी सांगेन, साहेब.”

“विमावाले ऐकणार नाहीत.”

“रोज सकाळी लिहून देतो. जिवंत आहे म्हणून.”

“बाहुलाच बरा.”

“बाहुल्याला पापणी मिटता येत नाही,” दिवंगत म्हणाले.

“मेलेल्याने मिटायची नसतेच, आजोबा,” दिग्दर्शिका हळूच म्हणाली.

“मग दुसरं काहीही द्या. दार उघडायला उभं करा.”

शेवटी कॅमेरामनने तोड काढली. दिव्यांची मांडणी होईपर्यंत बाहुल्याच्या जागी खुर्चीत कुणीतरी बसायला हवंच होतं.

दिवंगतांनी बायकोला फोन लावला.

“काय हो, घेतलं का?”

“घेतलंय. नुसतं बसायला.”

“मेलेलं?”

“नाही. जिवंत.”

“म्हणजे बढतीच की,” ती म्हणाली.

उद्या त्यांना पावणेसहाला हजर व्हायचं आहे. बाहुला साडेआठला येतो.