सारा म्हणजे राजकन्या

नवसाच्या मलिद्यासाठी भिजवलेल्या पोह्यांत गूळ-खोबरं पडलं की मला पनवेलजवळच्या विचुंब्याची ती दुपार आठवते. जुनं घर सोडायची वेळ आली होती आणि राहायला दुसरी जागा नव्हती. मी आणि आई फ्लॅट बघायला गेलो, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीने माझं नाव विचारलं. "सारा," मी म्हणाले. "बाई, मुसलमानांना आम्ही फ्लॅट देत नाही." आई घाईने म्हणाली, "हिब्रू नाव आहे हो, राजकन्या असा अर्थ. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे ज्यू, पनवेलचेच." "मग आधी सांगायचं ना. घ्या चावी." "आणि मुसलमान असतो तर?" मी विचारलं, तसा आईने चिमटा काढला. घर मिळालं, आईने घरासाठी बोललेला नवसाचा मलिदाही झाला. आजही कुणी नावाचा अर्थ विचारला, की मी आधी विचारते, तुम्हाला तो कशाला हवाय?