मोकळे. पाहिले आहे.

नानामामा गेल्याचं मामीनं फोनवर सांगितलं, तेव्हा तिचं दुसरंच वाक्य डब्यांचं होतं. "मामा गेले गो तुजे... आता त्या डब्यांना हात कोन लावनार?" भातसानगरहून वैशाखऱ्याला पोचेपर्यंत मी रडत होते आणि मधेच हसूही येत होतं. त्या डब्यांना हात लावायची परवानगी मामीला आख्ख्या संसारात मिळाली नव्हती.

मामांकडे आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून शेत राखायला परवाना असलेली. तिचा बार मी कधी ऐकला नाही. डुकरांनीही ऐकला नसावा, कारण ती दरवर्षी निवांत येऊन जात. मामांचा खरा जीव बंदुकीच्या लवाजम्यावर. बंदुकीची दारू ठेवायचं शिंग, ती मोजायचं पितळी माप, ठासायचा लोखंडी गज, तेलाची कुपी, चामडी पट्टे... कुणाच्या माळ्यावरून, कसाऱ्याच्या भंगारवाल्याकडून जमवलेलं. सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, आणि डबे कुलपाच्या पेटीत. चामडं नि पितळ एका डब्यात ठेवलं की पितळेला हिरवं चढतं, हे ते भावकीतलं भांडण सांगावं तशा गंभीरपणे सांगत. प्रत्येक वस्तूला जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूची चिठ्ठी सुतळीनं बांधलेली. तिच्यावर वस्तूचं नाव आणि शेवटी, बंदूक भरलेली नाही ना हे तपासायच्या सवयीतून आलेलं, ठरलेलं, 'मोकळे. पाहिले आहे.' भरीव गजावरसुद्धा हेच. गज कसा मोकळा असेल, असं मी विचारलं तर म्हणाले, "पायल्याबिगर कसं कळंल?"

एकदा मामीनं त्या पितळी मापानं लोणच्याचं मीठ मोजलं. मामा बरेच दिवस घुश्शात होते. मग मापाच्या चिठ्ठीवर एक ओळ वाढली, 'मीठ मोजू नये.' मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकानं वाचून दाखवायची. नवऱ्यानं तिच्यासाठी लिहिलेलं तेवढंच होतं.

निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. एका वर्षी दसरा नेमका त्यात सापडला. पूजेला शस्त्रच नाही म्हटल्यावर मामांनी बंदुकीची रिकामी खोळ पाटावर मांडली आणि तिला झेंडूचा हार घातला. नवऱ्याबिगर वरात निघाली म्हणून मामी दिवसभर हसत होती. मामांनी शांतपणे खोळीत हात घालून ती मोकळी असल्याची खात्री केली, मगच नारळ फोडला.

तेराव्यानंतर संजूदादानं, म्हणजे मामांच्या मुलानं, बंदूक रीतसर ठाण्यात देऊन टाकली आणि भंगारवाल्याला बोलावलं. त्याचंही काय चुकलं? या पसाऱ्याचा जाच होतो, असं त्याची आईच जन्मभर म्हणत आली होती. आता ती उंबऱ्यावर बसून एकेक डबा बाहेर येताना बघत होती. तिला काहीच जाऊ द्यायचं नव्हतं, मला ते दिसत होतं, पण इतक्या वर्षांच्या कुरकुरीनंतर तोंड कसं उघडणार? भंगारवाल्यानं पितळी माप काट्यावर ठेवलं, तशी ती उठली.

"ते मिठाचं माप हाय. माज्या वापरातलं."

मग गजानं ती चिंचा पाडते असं निघालं. कुपी शिवणाच्या मशीनची ठरली. पट्ट्यानं म्हैस बांधतात म्हणे. त्या घरात म्हैस नव्हती. शिंगाची पाळी आली तेव्हा मात्र तिला काही सुचेना. "ते... ते राहू दे," एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. दादानं काटा उचलून भंगारवाल्याच्या हातात दिला. चहा घेऊन तो गेला.

परवा गेले तर खुंटीवरची खोळ भरलेली दिसली. दचकून आत पाहिलं, तर मामांची काठी होती. मामांची फार आठवण आली... मामीनं पत्रिका कापून ठेवलीच होती. पेन माझ्या हातात देऊन म्हणाली, तुझं अक्षर त्यांच्यासारखं आहे, तू लिही. काय लिहू, म्हटलं. तिनं खोळीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला, मामा फिरवायचे तसा.

"मोकळे नाय," ती म्हणाली. "पायलंय."