हरणाचा वाटा आणि माझं ‘नको’

थांबा, हातातलं काम ठेवा, हे मला आत्ताच सांगू द्या. कारण माझा रूममेट ही गोष्ट अख्ख्या ओसाकाभर पसरवायला निघालाय आणि त्याच्या व्हर्जनमध्ये मी फारच बावळट दिसतो. माझ्या व्हर्जनमध्येही दिसतोच, पण निदान स्वतःच्या तोंडाने.

तर आमचे काचो-सान, म्हणजे ऑफिसातले साहेब. आठवडाभर टाय लावून एक्सेल बघतात आणि हिवाळ्यातल्या रविवारी डोंगरात शिकारीला जातात. लायसन्स, बंदूक, सगळं रीतसर. मी लंचला सहज म्हणालो, “मला पण यायचंय.” तर म्हणाले, “ये की. कामाला हात लावलास तर मांसाचा वाटा मिळेल.”

वाटा! बास, मी सुटलोच. संध्याकाळपर्यंत ओळखीतल्या प्रत्येक मराठी माणसाला मेसेज गेला होता: रविवारी आमच्याकडे हरणाचा रस्सा, नक्की या. सगळे येतो म्हणाले. रूममेटच्या वहिनी इथेच राहतात, त्यांनी तर पुण्याहून आणून जीव लावून जपलेलं ज्वारीचं पीठ काढलं. माझ्या हरणासाठी! जे तेव्हा डोंगरात आरामात चरत होतं.

आईला फोन केला तर ती किंचाळलीच. “हरीण? अरे, तुरुंगात टाकतात!”

“आई, ते आपल्याकडे. इथे हरणं शेतं खातात, सरकारच मारा म्हणतं.”

मग ती म्हणाली, “खोबरं जरा जास्त भाज. उग्र असेल.”

रविवारी मी दुकानातला सगळ्यात मोठा आइसबॉक्स घेऊन काचो-सानच्या गाडीतून डोंगरात पोचलो. त्यांच्या शिकारी ग्रुपने सकाळीच मारलेलं हरीण एका शेडमध्ये उलटं टांगलं होतं. मी गाडीत काचो-सानना सांगितलं होतं की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मटण खाणारे लोक. आता मटण समोर होतं आणि त्याला पापण्या होत्या.

ग्रुपमधले सगळ्यात वयस्कर आजोबा सुरी परजत म्हणाले, “तू पाय धर.”

अप्रेझलच्या वेळी ऑफिसात मनातल्या मनात धरलेत, पण खरेखुरे पाय आयुष्यात पहिल्यांदाच धरले. गरम होते अजून. मी छताकडे बघत उभा राहिलो. आजोबा म्हणाले, “खाली बघ. ते आता लाथ मारणार नाही.” सगळे हसले. मी पण हसलो, छताकडे बघतच.

दुपारी त्यातलंच थोडं मांस मुळा आणि मिसो, म्हणजे सोयाबीनची खारट पेस्ट, घालून उकळलं. काय सांगू! पापण्या विसरलो. तीन वाडगे हाणले.

मग वाटे. निळ्या ताडपत्रीवर सारखे ढीग लावले. गोळी मारणारा, कुत्रे सोडणारा, नुसता पाय धरणारा, सगळ्यांना सारखंच. मला फार भारी वाटलं. आजोबांनी एक ढीग माझ्याकडे सरकवला. “हा तुझा.”

आणि इथे माझ्यातला सुसंस्कारित मुलगा जागा झाला. आपल्याकडे कसं असतं? पहिल्यांदा विचारलं की ‘नको’. दुसऱ्यांदा ‘अहो, खरंच नको’. तिसऱ्यांदा समोरचा जबरदस्ती करतो, मग आपण ‘आता तुम्ही एवढं म्हणताय तर’ असा चेहरा करून घ्यायचं.

मी दोन्ही हात हलवत म्हणालो, “दाइजोबु देस, दाइजोबु देस.” शब्दशः ‘ठीक आहे’, पण माझ्या डोक्यात त्याचा अर्थ, अहो राहू द्या, कशाला.

आजोबांनी विचारलं, “खरंच नको?”

हे दुसरं! आता एकच बाकी. मी जोरात म्हणालो, “खरंच नको!” आणि एका हाताने आइसबॉक्सचं झाकण सैल करून ठेवलं.

तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही.

काचो-सान हळूच आजोबांना म्हणाले, “भारतातला आहे. धर्माचं काहीतरी असेल.” तीन वाडगे खाताना माझा धर्म कुठे गेला होता, हे कुणी विचारलं नाही. आजोबांनी आदराने मान डोलावली, ढीग उचलला आणि कुत्र्यांपुढे ठेवला. त्या कुत्र्यांनी एकदाही ‘नको’ म्हटलं नाही. आणि मी? “मला हवंय हो!” एवढं म्हणायचं होतं फक्त. जपानी येतं मला! पण मी तिथे हसत उभा.

घरी आलो तर खोबऱ्या-कांद्याचं वाटण तयार, भाकऱ्या तव्यावर, सगळे आइसबॉक्सभोवती. उघडला. आत बर्फ.

“हरीण कुठाय?” रूममेट.

“कुत्र्यांनी खाल्लं.”

“तुझ्या हातातून ओढून?”

“नाही रे. मी नको म्हणालो.”

वहिनी हातातल्या पिठाकडे बघत राहिल्या. मग फ्रिज उघडला आणि माझ्या हरणाच्या रश्शात अंडी सोडली. हसून हसून लोकांना ठसका लागत होता. मला इतकी लाज वाटत होती की मी कोपऱ्यात बसून राहिलो.

“तू पण घे ना रे,” वहिनी म्हणाल्या.

“नको वहिनी, भूक नाही.”

“खरंच नको?”

“खरंच.” आणि मी वाट बघायला लागलो.

“दाइजोबु म्हणतोय तो,” असं म्हणून रूममेटने शेवटची भाकरी उचलली.

आता तुम्हीच सांगा, प्लीज सांगा, तुमचंही ‘नको’ कधी कुणी खरं मानलंय का? की हा असा वेडा जगात मी एकटाच?