चिठ्ठीवरचं दुसरं नाव

"काय रं एकमशिन्या, जित्ता हाईस का?" रोज सकाळी खात्यात शिरताना तो मला हेच विचारायचा. सगळ्यांसमोर. मागांच्या खडखडाटातही ऐकू जाईल असा त्याचा आवाज होता, आणि तो ऐकू जावा अशीच त्याची इच्छा असायची.

तो आमच्या गिरणीतला हेड जॉबर, सगळ्या विणकाम खात्याचा मुकादम. सत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराला सोलापुरात हेड जॉबर म्हणजे अर्धा मालकच. मी जकार्डचा मिस्तरी. मागाच्या डोक्यावर चादरीची नक्षी उठवणारं यंत्र बसवतात, ते जकार्ड. वीस वर्षं मी तेवढंच दुरुस्त करत आलो, हा माझा गुन्हा. वयानं मोठा होता, त्याला 'ते' म्हणावं, असं घरचे सांगतात. माझी जीभ वळत नाही, काय करू?

गिरणीतला रिवाजच तसा होता. सगळं खातं बघणारा मोठा, एकच यंत्र बघणारा त्याच्या हाताखालचा. जकार्ड अडलं तरी मला थेट बोलवायचं नाही. आधी हा येणार, मागाभोवती फिरणार, नको तिथं तेल सोडणार, आणि मग माझ्याकडं न बघता नुसतं बोट हलवणार. खंडेनवमीला जकार्डापुढचा नारळसुद्धा तोच फोडायचा आणि मी हात जोडून बाजूला उभा. तुम्ही नोकऱ्या केल्या असतील, तर असा एखादा तुमच्याही वाट्याला आला असेल.

मग त्याचा हात थरथरायला लागला. तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला गेला की बोटं नाचायची. जेवताना आमटीची वाटी तोंडाशी जाईपर्यंत अर्धी सदऱ्यावर. बाकीचे खाली मान घालून भाकरी खायचे. मी समोर बसून बघायचो. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं.

पण बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. हात मांडीवर टाकून बसला की हात शांत. काही उचललं की थरथर. माझ्या मामाला कंपवात होता, त्याचं नेमकं उलटं होतं. मामाचा हात रिकामा असताना हलायचा आणि तांब्या उचलला की थांबायचा. ही दोन दुखणी वेगळी असावीत, असं मला वाटलं. मी कुणाला बोललो नाही.

मॅनेजरनं त्याला सांगितलं, "दिवाळीपर्यंत हात ठीक करा, नाहीतर मी दुसरा जॉबर नेमतो." गिरणीच्या डॉक्टरनं चिठ्ठीवर दोन नावं लिहून दिली. पहिला पुण्याचा, मेंदूचा बडा डॉक्टर. फिट, लकवा, डोकेदुखी, सगळं बघणारा. दुसरा मुंबईचा. तोही मेंदूचाच, पण फक्त हात थरथरणारे आणि अंग आखडलेले रोगी बघणारा. "माझं ऐकाल तर दुसऱ्याकडं जा," असं डॉक्टर त्याला म्हणाला होता.

यानं ती चिठ्ठी जेवणाच्या सुट्टीत फडकवली. "ह्यो मुंबईवाला बघा की! येकच दुखनं बघतोय. आमच्या एकमशिन्याचा भाऊच! म्या हेड जॉबर हाय, हेड डॉक्टरकडंच जानार!" सगळे खो खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

त्याच संध्याकाळी त्याची बायको भवानी पेठेत माझ्या घरी आली. फार चांगली बाई. असल्या माणसाच्या पदरात कशी पडली, देव जाणे.

"भावजी, मुंबईला जावा म्हनून तुमी सांगा की त्यास्नी. तुमचं ऐकतील."

"माझं? वहिनी, थट्टा करताय काय?"

"न्हाय वो. घरी सारकं तुमचंच नाव. जकार्ड कळावं तर त्यालाच, म्हनत्यात."

माझा विश्वास बसला नाही. बसला असता तरी राग मोठा होता. "मी एका मशिनचा माणूस, मला त्यातलं काय कळतंय?" म्हणालो आणि चहासुद्धा न विचारता तिला वाटेला लावलं. हाताचं जे मला दिसलं होतं, ते तिला सांगायला एक मिनिट लागलं असतं.

तो पुण्याला गेला. तिथं रोग्यांची ही गर्दी. डॉक्टरनं कंपवाताच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी पोटात अन्न ठरेना आणि थरथर होती तशीच. "मोठा डॉक्टर हाय, टाइम लागनारच की," म्हणत तो ओकत राहिला आणि कामावर येत राहिला. दिवाळी आली. मॅनेजरनं त्याच्याच हाताखालचा एक जण त्याच्या जागी नेमला आणि याला घरी बसवलं.

मग बायकोनं हट्टानं त्याला मुंबईला नेलं. त्या डॉक्टरनं त्याला पेल्यातलं पाणी प्यायला लावलं, कागदावर गोल काढायला लावले, हात मांडीवर ठेवून नुसतं बसवलं. हा कंपवात नव्हेच, असं सांगून वेगळ्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत हात बराच थांबला. पण जागा गेली ती गेलीच.

एक दिवस तो निरोप घ्यायला गिरणीत आला. सगळ्यांना भेटून झाल्यावर मी दुरुस्त करत होतो त्या मागापाशी येऊन थांबला. मी शिडीवर, जकार्डात हात घालून उभा.

"डाक्टर म्हनला, रिकामा हात हालत न्हाय, हे इतक्या दिवसांत कुनालाच दिसलं न्हाय का? तू तर रोज म्होरं बसायचास. तुला दिसलं व्हतं?"

खोटं बोलता आलं असतं. "दिसलं होतं," मी म्हणालो.

त्यानं खालून शिडी धरली. आता शिव्या घालणार, असं मला वाटलं. घालायला पाहिजे होत्या त्यानं. माझ्याकडंही वीस वर्षांचं तुंबलेलं होतं, ते सगळं ओठांवर आलं होतं.

"तू सांगितलं असतंस तरी म्या ऐकलं नसतं," तो म्हणाला. "मनाला लावून घिऊ नगंस."

मला माफ करायला याला सांगितलं कुणी? मी शिडीवरून उतरलोसुद्धा नाही. तो पाठमोरा दारातून बाहेर गेला.

चार दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. 'म्हाताऱ्याला चार शब्द सुनावून येतो' असं माझ्या बायकोला सांगून निघालो होतो. दाराला कुलूप. दोघं मुलीकडं गुलबर्ग्याला कायमचे गेले, असं शेजारणीनं सांगितलं. पत्ता तिलाही ठाऊक नव्हता. सुनावायचं वगैरे काही नव्हतं हो. मी माफी मागायला गेलो होतो. ती मागायची राहिली ती राहिलीच.