ॲव्हरेजच्या वहीतलं प्रश्नचिन्ह
परवा गाडी विकायची म्हणून डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करताना ॲव्हरेजची वही हाती आली आणि तो मे महिना आठवला. साताऱ्याच्या प्रत्येक खेपेला शिरवण्याच्या पंपावर टाकी फुल करायची, परत आल्यावर पुन्हा फुल करायची आणि लिटरला किती किलोमीटर पडले ते चालवणाऱ्याच्या नावापुढे लिहायचं, हा माझा नेम. मला सोळाच्या वर कधी मिळालं नव्हतं. त्या खेपेला वडील, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, आईला घेऊन जाऊन आले आणि आकडा निघाला एकोणीस. टाकी भरायला मी सोबत गेलो होतो, पंपावरच विचारलं, "अण्णा, वाटेत पेट्रोल टाकलंत ना?" "न्हाई बा," ते म्हणाले. मला पटेना. मी त्यांच्यादेखत मॅट उचलून पंपाची पावती शोधली, ती सापडली नाही, तरी एकोणीसपुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते शेजारी बसून बघत होते. कोपरखैरण्याला घरी आल्यावर आईने घामाने चिंब झालेले दोन टॉवेल बादलीत टाकले. "येता-जाता एसी लावला न्हाई, वाऱ्यानं ॲव्हरेज पडतं म्हणून काचासुदिक उघडू दिल्या न्हाईत," ती म्हणाली, "म्हणं, पोराच्या वहीत माझ्या नावावर कमी आकडा नगं." वही तेव्हा गाडीतच होती, पुढच्या खेपा मी नव्या पानावर लिहिल्या, ते पान पुन्हा उघडलंच नाही. आता वडील नाहीत. परवा प्रश्नचिन्ह खोडायला पेन काढलं, तर त्याच्या शेजारी, ड्युटी संपल्यावर ड्रायव्हर डेपोत करतो तशी, त्यांची पूर्ण नावाची सही होती.