आईच्या हातावरची नवी कातडी

बाजरीच्या भाकरीचा खरपूस वास आला की मला संभाजीनगरच्या दवाखान्यातला वॉर्ड आठवतो. सिल्लोडहून आणलेल्या आईच्या भाजलेल्या हातावर तिच्याच मांडीची कातडी लावली होती. डॉक्टर म्हणाले, “या कातडीच्या पेशी खालच्या मांसाला आणि एकमेकींना धरतील, तोवर हात हलवायचा नाही.” आई म्हणाली, “व्हय, मिरचीचं रोप लावल्यावर उपटून बघतं का कुणी?” पण डोळा लागला की तिचा पट्टीतला हात चादरीवर भाकरी थापायला लागायचा, म्हणून मी तिचं कोपर धरून बसायचे. पट्टी सुटल्यावर सिस्टरनं कातडी बोटानं दाबली. ती पांढरी पडली आणि पुन्हा गुलाबी झाली, म्हणजे तिच्यात रक्त खेळू लागलं होतं. आता आई त्याच हातानं भाकरी थापते, अन् माझा हात अजून तिच्या कोपराकडं जातो. “सोड की,” ती म्हणते, “रोप कवाच लागलं.”