मागच्या वर्षीप्रमाणेच

कारखान्यात त्यांना सगळे फॉर्मवाले भाऊ म्हणत. पगार विभागातले कारकून. आर्थिक वर्ष संपत आलं की त्यांच्या टेबलापुढे ही भलीमोठी रांग लागायची. कर कसा वाचवायचा, पैसे कुठे गुंतवायचे, सगळं भाऊंनाच विचारायचं. भाऊ आधी माणसाला चांगलं झाडायचे आणि मग मन लावून त्याचा फॉर्म भरायचे. "कारखान्याच्या आरोग्य विम्यात बायकोचं नाव घातलंस का? का चार पैसे जास्त कापतील म्हणून जीव खालीवर होतोय?"

स्वतःचा फॉर्म मात्र सगळ्यांत शेवटी. डोळे चुरचुरत असायचे, शिपाई कुलूप घेऊन ताटकळत असायचा. मग भाऊ मागच्या वर्षीचा कागद काढायचे, रकाने जसेच्या तसे उतरवायचे आणि सही ठोकायचे.

त्यात विम्याखाली बायकोच्या रकान्यात 'नाही' होतं. लग्न झालं तेव्हा ती छापखान्यात पुस्तकबांधणीला होती, तिचा विमा तिकडे होता. दोन्हीकडे पैसे कशाला कापून घ्यायचे? तेव्हा ते बरोबरच होतं. पण छापखाना बंद पडला त्याला सहा वर्षं झाली. तिथल्या दोघींचे नवरे याच कारखान्यात होते. त्या वर्षी भाऊंनी त्यांना मुद्दाम बोलावून बायकांची नावं घालून घेतली होती.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, तिच्या हृदयाची झडप बदलावी लागेल, तीन महिन्यांच्या आत. दुसऱ्या दिवशी भाऊ निर्धास्तपणे ऑफिसात गेले आणि स्वतःची फाइल उघडली. 'नाही.' खाली स्वतःची सही. मागच्या वर्षीचा कागद काढला, त्याच्या मागचा काढला. सहाही कागदांवर तेच. अरे, कसला हा गाढवपणा! विमा कंपनीतल्या बाई फोनवर सौम्यपणे म्हणाल्या, "नाव पुढच्या वर्षी घालता येईल. पण आधीपासूनचा आजार पहिली दोन वर्षं धरत नाहीत."

आणि शिल्लक? कर वाचवायच्या नादात दर वर्षीची बचत त्यांनी अशा योजनेत टाकली होती की साठीपर्यंत हात लावायची सोय नाही. भाऊ एक्कावन्न वर्षांचे होते. हात लागू नये म्हणूनच ती निवडली होती, आणि रांगेतल्या लोकांना तेच अभिमानाने सांगितलं होतं.

संध्याकाळी घरी आले तर बायको भिंतीला टेकून बसली होती. चार पावलं चालली तरी तिला धाप लागायची, तरी स्वयंपाक करून ठेवला होता.

"काय म्हणाले ऑफिसात?"

"बघतोय," भाऊ म्हणाले.

"त्यात बघायचं काय? शेजारीण विचारत होती, एवढा खर्च कसा झेपणार म्हणून. मी म्हटलं, आमच्या ह्यांनी अख्ख्या कारखान्याचे कागद केलेत, घरचे राहतील होय?"

तिने ताट पुढे सरकवलं. भाऊंनी ते जवळ ओढलं आणि घास मोडला.